हंगामाआधीची उचल

अक्का, नमस्कार.

मी बेळगावातल्या अनगोळचा. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे, वय 39. घरी आई, बायको आणि सहावीतला मुलगा. आम्ही चौघं मित्र बरीच वर्षं घाट उतरून गोव्याला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या, मॅच बघायला जातो. चौघांचे सीझन पास, खुर्च्या शेजारी शेजारी. यंदा क्लबनं पासाचा दर वाढवलाय, आणि चांगलाच वाढवलाय. जुन्या पासवाल्यांनी तारखेच्या आत पैसे भरले तर तीच खुर्ची. नाही भरले तर ती कुणालाही जाणार. आज पंधरा दिवस उरलेत.

इकडं शॉपमध्ये ओव्हरटाइम कधीचा बंद आहे. ऑर्डरी येतात, पण महिनाभराच्या. पूर्वी सहा महिन्यांचं शेड्यूल हातात असायचं. मागच्या महिन्यात दोन शनिवार मशीनं बंदच ठेवली. नोकरी जाईल असं कुणी म्हणत नाही, पण राहील असंही कुणी म्हणत नाही.

बायको भांडत नाही. एवढंच म्हणाली, ‘मागच्या पासाचा हिशोब दाखवा, मग घ्या.’ मी हिशोब कधी ठेवलाच नाही. मित्रांतला एक म्हणतो, ‘ह्या वर्षी पास सोडलास तर खुर्ची गेली म्हणून समज. आणि क्लब अडचणीत असताना सोडणारा कसला फॅन रे तू?’ हे फार लागलं, अक्का. त्यानं स्वतः पैसे भरूनही टाकले. दुसरा म्हणतो, तुम्ही ठरवाल ते. तिसरा काहीच बोलत नाही.

आणि पुढचा हंगाम कसा होणार, किती मॅचचा होणार, हे कुणी छातीठोक सांगत नाही. मागच्या खेपेचा गोंधळ तुम्हाला ठाऊकच असेल.

पास घेऊ की नको? एका शब्दात उत्तर दिलंत तरी चालेल.

– घाटवेडा

•

घाटवेडे बाबा,

एका शब्दात: नको.

आता एकेका शब्दाचं उत्तर देऊन सदर चालत असतं तर संपादकांनी मला कधीच घरी बसवलं असतं, म्हणून पुढचं वाचा. तुमच्या पत्रातलं क्लबचं नाव आणि दोन्ही वर्षांचे दर मी गाळलेत. दर वाढवणं हा काही गुन्हा नाही आणि मला कुणाशी भांडायचं नाही. तुमच्याशी मी फोनवर बोलले, तेव्हा जे आकडे निघाले त्यातले कामापुरते खाली येतील.

माझं माहेर चिकोडीकडचं, उसातलं. काकांचा ट्रॅक्टर होता, तो कारखान्याला ऊस ओढायचा. दसऱ्याच्या आधी ऊसतोड टोळीचा मुकादम यायचा, पडवीत बसायचा, चहा व्हायचा आणि काका त्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायचे. हंगाम सुरू झाला की तो एवढे कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, घेऊन येणार, ही बोली. एका वर्षी उचल गेली आणि टोळी आलीच नाही. मुकादमाच्या गावी जाऊन आले, घराला कुलूप. ट्रॅक्टर अख्खा हंगाम चिंचेखाली उभा, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर दारात. आम्ही पोरं त्या ट्रॅक्टरवर बसून गाडी गाडी खेळायचो, आम्हाला मजा होती. काकू आमच्यावर का खेकसते ते तेव्हा कळायचं नाही.

पुढच्या वर्षी काकांनी उचल द्यायचं बंद केलं का? नाही केलं. उचलीशिवाय टोळी मिळत नाही आणि टोळीशिवाय ट्रॅक्टरला काम नाही. त्यांनी बोली बदलली: अर्धी उचल आज, अर्धी कोयता फडात पडल्यावर.

तुमचा सीझन पास ही उचल आहे, बाबा. तुम्ही क्लबला हंगामाआधी पैसे देता, बिनव्याजी, बिनतारणाचे. बदल्यात एक खुर्ची आणि अमुक इतक्या मॅच एवढा शब्द मिळतो. चांगल्या वर्षात ह्या शब्दाकडं कुणी बघत नाही. म्हणून दर किती वाढला ह्यावर तुम्ही चौघं आठवडाभर घासाघीस करताय, आणि मी विचारते की शब्द काय दिलाय? किती मॅच? कुठं? झाल्या नाहीत तर पैशाचं काय? मी फोनवर हे विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘ते बघितलं नाही.’ तीस वर्षं मी सोसायटीत कर्जखात्यावर बसले. ‘ते बघितलं नाही’ हे वाक्य जामीनदाराच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझे केस त्यानंच पांढरे झाले असावेत.

मागच्या खेपेचा गोंधळ मला ठाऊक आहे. नातवामुळं सगळा तोंडपाठ झालाय. 2024-25 मध्ये लीगमध्ये 13 संघ होते. प्रत्येकाच्या 24 मॅच, त्यातल्या 12 घरच्या मैदानावर. पासवाल्याच्या दृष्टीनं तो पुरा हंगाम. मग 2025 चा जुलै आला. लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला 2010 चा पंधरा वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपत होता, पुढचं ठरेना, म्हणून कंपनीनं हंगामच रोखून धरला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. महासंघानं टेंडर काढलं, त्याला एकही बोली आली नाही. एरवी दिवाळीच्या आधीच सुरू होणारा हंगाम शेवटी 14 फेब्रुवारी 2026 ला सुरू झाला, तोही कापून छोटा केलेला: 14 संघ, प्रत्येकानं दुसऱ्याशी एकदाच खेळायचं, सगळ्या मिळून 91 मॅच. एका संघाच्या वाट्याला 13. त्यात घरच्या म्हणाव्यात अशा सहा नाहीतर सात.

बारा आणि सात. पास म्हणजे पासच, पण त्यातलं धान्य निम्मं झालं.

त्याच्याही आधीचं आठवा. 2020-21 आणि 2021-22 असे दोन हंगाम कोविडमुळं सगळी लीग गोव्यातच खेळली गेली. फातोर्डा, बांबोळी, वास्को अशी तीन मैदानं. सगळ्या देशाचे संघ आपल्या घाटाच्या पायथ्याशी येऊन बसलेले, आणि प्रेक्षकाला दार बंद. आमच्या गल्लीतला एक पोरगा तेव्हा म्हणायचा, ‘अक्का, जेवणाचं ताट दारात आलंय आणि तोंडाला मास्क.’ शेवटी 20 मार्च 2022 ला फातोर्ड्याच्या फायनलला दार उघडलं. हैदराबादनं केरळला पेनल्टीवर हरवलं.

आणि त्या हैदराबादचं पुढं काय झालं? तो क्लब 2019 मध्ये आला तोच मुळी पुण्याच्या क्लबच्या जागी. पुण्याच्या माणसानं पाच वर्षं गळा फोडला, आणि एके दिवशी त्याचा क्लब उरलाच नाही. हैदराबादकर चॅम्पियन झाले, आणि तीन वर्षांनी, 2025 मध्ये, त्यांचा क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. तुमच्या मित्राला म्हणावं, खुर्ची जाईल म्हणून घाबरतोस. तिकडं खुर्च्या जागच्या जागी राहिल्या आणि क्लबच उठून गेला.

हे मी तुमच्या क्लबबद्दल बोलत नाही. तो तसा मुरलेला आहे, उद्या गाशा गुंडाळेल असं मला अजिबात वाटत नाही. पण गोव्यात हे नवीनही नाही. 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग हे दोन जुने क्लब आय-लीग ह्या जुन्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तेव्हा मडगाव-वास्कोच्या प्रेक्षकाला कुणी विचारलं होतं?

आता खुर्चीच्या भीतीकडं येते. ही भीती टीव्हीवरून आलेली आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांच्या पासासाठी वर्षानुवर्षांची यादी असते. तिथं पास सोडला की तो खरंच गेला. तुमच्या स्टँडमध्ये दर मॅचला किती खुर्च्या रिकाम्या असतात ते तुम्हीच मला सांगितलंत. एखादी मोठी मॅच किंवा फायनल सोडली तर मॅचच्या दिवशी सकाळी सुटं तिकीट मिळतं, हेही तुम्हीच सांगितलंत. मग रांग कुठं आहे? दुष्काळात रेशनच्या दुकानापुढं उभं राहावं तशी घाई, आणि दुकान भरलेलं!

आणि जिथं खरी रांग आहे तिथली गोष्ट ऐका. लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं करायचं ठरवलं होतं. 6 फेब्रुवारी 2016 ला सुंदरलँडशी मॅच होती. लिव्हरपूल 2-0 नं पुढं. 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि बाहेर चालू पडली. उरलेल्या वेळात सुंदरलँडनं दोन गोल फेडले, मॅच 2-2. आठवड्याच्या आत मालकांनी दरवाढ मागं घेतली, माफीही मागितली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवलं की पाहुण्या संघाच्या प्रेक्षकाला 30 पौंडांच्या वर तिकीट लावायचं नाही. तर ती माणसं फॅन नव्हती का? त्यांनीच तर टीमला पुढं असताना सोडलं! तुमच्या मित्राच्या व्याख्येत ती कुठं बसवायची?

तुमच्या मित्राचं एक म्हणणं मात्र मी उडवून लावत नाही. क्लब अडचणीत असताना स्टँड रिकामे राहिले तर खेळणाऱ्या पोरांच्या पायातलं बळ जातं, हे मलाही दिसतं. पण त्यासाठी माणूस खुर्चीत बसलेला लागतो. आयएसएलचे क्लब तिकिटांच्या पैशावर चालत नाहीत, मालकाच्या खिशावर आणि जाहिरात-प्रक्षेपणाच्या पैशावर चालतात. तुमच्या पासानं क्लब तरणार नाही. तुमच्या आवाजानं थोडं काही होईल तर होईल, आणि त्याचा हिशोब असा निघाला:

2024-25 मध्ये घरच्या बारा मॅचपैकी तुम्ही किती बघितल्या? फोनवर आधी ‘सगळ्याच की’ म्हणालात. मग एकेक आठवायला लागलात. एका मॅचला आईची अँजिओग्राफी, एकीला ऑडिट, एकीला गणपतीतली पाहुणेमंडळी, दोनदा ‘बुधवार होता अक्का, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट’. आणखी दोन अशाच हुकल्या. शेवटी बघितलेल्या पाच राहिल्या. म्हणजे सात वेळा तुमच्या पैशानं तुमची खुर्चीच एकटी बसून मॅच बघत होती.

भागाकार सोपा आहे. पासाच्या रकमेला तुमच्याच स्टँडच्या सुट्या तिकिटाच्या दरानं भागा. जो आकडा येईल तितक्या मॅच बघितल्यावर पास वसूल. तुम्ही सांगितलेल्या जुन्या दरानं तो आकडा सहा यायचा; नव्या दरानं आठ येतो. पाच बघणाऱ्या माणसाला सहाचाच पास परवडत नव्हता, आठचा कुठून परवडणार? आणि हंगाम पुन्हा कापला गेला, घरच्या सातच मॅच झाल्या, तर एकही न चुकवता जाऊनसुद्धा आठवी मॅच कुठून आणणार तुम्ही?

ही झाली खुर्ची. खरा खर्च घाटात आहे. खानापूर, रामनगर, अनमोड, मोले करत मडगावला जाऊन-येऊन अडीचशेच्या वर किलोमीटर. तुमच्या गाडीला सोळाशे रुपयांचं डिझेल, माणशी चारशे. खाणंपिणं, रात्री परतताना रामनगरचा चहा धरून माणशी सातशेला जातं. साडेसातची मॅच, सुटेपर्यंत साडेनऊ, अनगोळला पोचायला दीड, सकाळी आठला शिफ्ट. पावसात अनमोडचा रस्ता कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. आपली भाजी रोज पहाटे गोव्याला उतरते, पण तिला निदान भाडं मिळतं.

आता ह्यात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली नाही. पास माणसाचा असतो आणि प्रवास गाडीचा. एक मित्र गळला की उरलेल्या तिघांचं डिझेल चारशेवरून सव्वापाचशेच्या पुढं जातं. दोघं उरले तर आठशे. म्हणजे तुमचा निर्णय तुमच्या एकट्याचा नाहीच. ज्यानं पैसे भरले त्यानं खरं तर तुम्हा तिघांना न विचारता गाडीचा खर्च ठरवून टाकला. वाईट हेतूनं नव्हे, उत्साहानं. पण उत्साही माणूस भिशीत असला की सगळ्यात आधी हप्ता त्याचाच चुकतो, हा माझा अनुभव. तुमचा मित्र अपवाद असो.

जो बोलत नाही त्याच्याबद्दल मला जास्त वाटतं. तोही उद्यमबागेतच आहे म्हणालात, छोट्या युनिटमध्ये. तुमच्याकडं दोन शनिवार बंद राहिले तर तिथं काय चाललं असेल? तो पैसे नाहीत म्हणणार नाही. चौघांच्या ग्रुपमध्ये पैसे नाहीत हे वाक्य पहिल्यांदा म्हणणं फार जड असतं, आणि कुणी आधी म्हटलं की दुसऱ्याला ते अगदी सोपं जातं. ते तुम्ही म्हणा. तुमचा पगार त्याच्यापेक्षा बरा आहे, तुम्हाला ते म्हणणं कमी जड जाईल.

बायकोचं. कर्जखात्यात आम्हाला ज्याला कर्ज द्यायचंच नसायचं, त्याच्याकडं आम्ही कागद मागायचोच नाही. साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात या, एवढंच. कागद मागितला म्हणजे दार उघडं आहे. तुमच्या मंडळींनी हिशोब मागितलाय. पाच मॅच, माणशी सातशे, म्हणजे साडेतीन हजार वाटेत, अधिक पास, हे सगळं एका कागदावर लिहा आणि त्यांच्यापुढं ठेवा. सात रिकाम्या खुर्च्याही लिहा. लपवू नका, त्यांना तो आकडा बहुधा तुमच्या आधी ठाऊक आहे, कारण त्या सात संध्याकाळी तुम्ही घरी होतात.

मी स्वतः शहाणी आहे असं समजू नका. काही वर्षांपूर्वी एका नाट्यमहोत्सवाचा पास मी असाच घेतला होता. सहा नाटकं, पुढून तिसरी रांग. तीन झाली. चौथ्याला मुख्य नट आजारी, पाचव्याला हॉल मिळाला नाही, सहाव्याचं कुणी नावच काढलं नाही. पैसे परत मागायला गेले तर पासाच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं होतं की कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क संयोजकांना आहे. चष्मा लावून वाचलं, घरी येऊन. तो पास अजून माझ्या डब्यात आहे, मुद्दाम ठेवलाय.

आणि मोठं नाव आहे म्हणून पैसे टाकणाऱ्यांची तऱ्हाही तुम्ही जवळून बघितलीत. 22 ऑक्टोबर 2025 ला रोनाल्डोची सौदी टीम अल नस्र फातोर्ड्याला तुमच्या क्लबशी खेळायला आली, तेव्हा बेळगावातून किती गाड्या उतरल्या! रोनाल्डो बघायला. रोनाल्डो भारतात आलाच नाही. अल नस्र 2-1 नं जिंकली. तुम्ही म्हणालात, गाडीतले दोघं परतताना तोंड पाडून बसले होते, आणि तुम्ही मात्र आपल्या पोरांनी त्या संघाला एक गोल मारला म्हणून खानापूरपर्यंत बडबडत होतात. तुमच्यासारख्यानं मॅच सोडावी असं मला मुळीच वाटत नाही.

मग काय करायचं? क्लबला आधी चार ओळी पाठवा. मेल करा, चौघांच्या नावानं करा, पास क्रमांकासकट. घरच्या किती मॅचची हमी आहे ते विचारा. मॅच रद्द झाली, दुसऱ्या शहरात हलवली किंवा बंद दाराआड झाली तर त्या मॅचचे पैसे परत की पुढच्या वर्षी वळते? एखाद्या मॅचला जाता आलं नाही तर पास भावाला किंवा मित्राला देता येतो का? कपच्या आणि आशियातल्या मॅच पासात धरल्यात की त्यांचं तिकीट वेगळं? आणि शेवटी काकांची बोली: अर्धे पैसे आत्ता, अर्धे पहिली मॅच झाल्यावर, चालेल का? हो म्हणतील असं नाही. पण पासवाले असे प्रश्न विचारतात हे दहा मेलनी कळलं तरी पुढच्या वर्षीच्या पत्रकात एखादी ओळ वाढते. लिव्हरपूलला दहा हजार माणसं उठली. आपल्याकडं दहा मेलसुद्धा जात नाहीत, आणि मग आपण चहाच्या गाड्यावर उभं राहून क्लबला नावं ठेवतो.

समाधानाचं उत्तर लेखी आलं, आणि तोवर तुमच्या शॉपमध्ये दोन-तीन महिन्यांचं शेड्यूल हातात आलं, तर माझा ‘नको’ मी मागं घेते. दोन्ही गोष्टी हव्यात. एकीवर भागायचं नाही.

नाही आलं, तर पास सोडा आणि वेळापत्रक लागलं की चौघांनी बसून चार मॅच निवडा. शनिवारच्या, रविवारच्या. सुटी तिकिटं काढा. एकीला मुलाला घेऊन जा. तो सहावीत आहे, लेले मैदानावर सकाळी पायाला लागेपर्यंत खेळतो म्हणालात, आणि बापानं त्याला अजून एकदाही स्टेडियम दाखवलेलं नाही, कारण गाडीतल्या चार जागा चार पासांच्या! हे मला ऐकून जरा रागच आला, खरं सांगते. पासाचे जे पैसे वाचतील त्यातनं आधी त्याचे बूट. मागच्या वर्षीचे त्याला चावतात असं तुम्हीच म्हणालात.

आणि मधल्या रविवारी एकदा उलट्या दिशेनं गाडी काढा. कोल्हापूरला, शाहू स्टेडियमवर. पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब, खंडोबा आणि दिलबहार, तालमीतालमींची ईर्ष्या, पेठच्या पेठ लोटलेली. हा ‘त्याऐवजी’चा सल्ला नाही, आयएसएलसारखा खेळ तिथं नसतो आणि पंचाला शिव्या मात्र जास्त असतात. पण मुलाला बघू दे की फुटबॉलला पासाशिवायही गर्दी जमते. आमच्या कॅम्पात सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडींच्या नावाची स्पर्धा असते तेव्हा तर घरून चालत जाता येतं. माझा धाकटा भाऊ त्या मैदानावर गुडघे फोडून घेत मोठा झाला आणि आजही स्पर्धेच्या दिवसांत त्याचा फोन लागत नाही.

एक नुकसान मात्र होईल, ते लपवत नाही. सुट्या तिकिटावर तुम्हा चौघांना शेजारी शेजारी खुर्च्या मिळतीलच असं नाही. ज्यानं पैसे भरलेत तो आपल्या जुन्या जागी बसेल, उजवी-डावीकडं अनोळखी माणसं. गोल झाल्यावर तो वळून कुणाला मिठी मारणार? ह्याला मी दर लावू शकत नाही आणि तुमच्या भागाकारातही ते बसत नाही. म्हणून ते त्याच्याशी मोकळेपणानं बोला, मेसेजवर नको, समोर बसून. त्याला ‘तू घाई केलीस’ असं म्हणू नका. चार मॅच कुठल्या घ्यायच्या ते त्यालाच निवडू द्या. गाडी तुमची आहे, पण त्या चार दिवसांचं डिझेल आम्ही तिघं घालतो, तू पास भरलास, असं म्हणा. माणशी सव्वाशेच्या थोडे वर रुपये जास्त जातील. तेवढ्यात जमतंय तर घ्या जमवून.

पत्र लिहिलंत तेव्हा तारखेला पंधरा दिवस होते. हे छापून येईतो आठ राहतील. मेल उद्या करा, हिशोबाचा कागद रविवारी मांडा. आज रात्री जेवण झाल्यावर त्या न बोलणाऱ्या मित्राला फोन करा, आणि पासाचं तुम्हीच आधी काढा.

– अक्का